आप्पांचं लंगडं पाखरू आणि खाडीतले दोन दिवस

काशीहून आलेला माणूस गंगाजळ आणतो, गोकर्णाहून आलेला रुद्राक्ष आणतो. मी खाडीतल्या दोन दिवसांच्या प्रवासाहून एक वास घेऊन आलो. आज वर्ष होत आलं, उपरणं कितीदा भट्टीला घातलं याचा हिशोब राहिला नाही, पण पावसाळी हवेत घडी उलगडली की तो वास पुन्हा घरभर फिरतो. मासळीच्या तेलात जुनी कस्तुरी कालवावी तसा काहीसा. आमच्या घरात मासळी शिवत नाहीत हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे माझी काय दैना झाली ते ध्यानात येईल.

कल्याणाहून खाडीने समुद्रापर्यंत कुणी हौसेने जात नाही. दारात आगगाडी आहे. बसलं की तासाभरात ठाणं, आणखी तासाभरात मुंबई. मग आम्ही मचव्यात का बसलो? तर आमच्या सासऱ्यांचं म्हणणं पडलं, की आगगाडीच्या धक्क्याने बसवलेलं हाड हलतं.

आणि हाड कुणाचं? एका पाखराचं!

कल्याण

माझे सासरे आप्पा हे कल्याणातले हाडवैद्य. आमच्या आणि त्यांच्या घराची भिंत एकच, त्यामुळे माझी सासुरवाडी मला कधी सुटलीच नाही. बोटांनी चाचपून, डोळे मिटून हाड बसवायचं ही त्यांची रीत. चाळीस वर्षं गाव त्यांच्या दारात कण्हत आलं आणि हसत गेलं. पण आदल्या वर्षी एका सुताराचा हात त्यांनी बसवला तो वाकडा जुळला. सुतार बिचारा काही बोलला नाही, आप्पांनीच ते मनाला लावून घेतलं. हळूहळू रोगी कमी झाले. कमी झाले म्हणण्यापेक्षा आप्पाच "दुसरीकडे दाखवा" म्हणून परतवू लागले.

अशात श्रावणातलं ते वादळ आलं. तीन दिवस वारा नुसता भुतासारखा घोंगावत होता. चौथ्या दिवशी सकाळी तळ्याच्या पायऱ्यांपाशी आप्पांना एक पक्षी पडलेला दिसला. कावळ्याहून मोठा, काळसर तपकिरी, लांबच लांब पंख, चोच पुढे आकड्यासारखी वळलेली आणि त्या चोचीवर, देवाशप्पथ खरं सांगतो, एक नळी! नाक चोचीवर वेगळं बसवून दिल्यासारखं. बदकासारखी कातडी जोडलेली बोटं. पाखरू उभं राहायला गेलं की पोटावर पडे, पंखांनी रेटत दोन हात सरके, की पुन्हा पडे.

आप्पांनी त्याचे पाय चाचपले, डोळे मिटले आणि निदान केलं, "दोन्ही पाय खुब्यातून निखळलेत. पार मागे गेलेत."

लगेच आंबेहळदीचा लेप झाला, बांबूच्या चिपा झाल्या, पट्ट्या झाल्या. कित्येक महिने बंद असलेलं पट्ट्यांचं गाठोडं उघडलेलं बघून माझ्या बायकोच्या, यमुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. मग आप्पा ओटीवर येऊन सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाले, "हे नवव्या दिवशी चालेल. नाही चाललं, तर हे गाठोडं मी खाडीत सोडीन. हातचा गुण गेला असं समजेन."

समोरचे तात्या ओटीवर बसलेलेच असतात. आयुष्यात दुसऱ्याची थट्टा करण्यापलीकडे त्यांनी काही केल्याचं मला माहीत नाही. ते म्हणाले, "आप्पा, पाखराला चालायला कशाला शिकवताय? उडतंय की!"

पाखरू उडतही नव्हतं आणि खातही नव्हतं. दूधभात दिला, त्याने मान फिरवली. भिजवलेली डाळ दिली, त्याने माझं बोट धरलं. आणि दुसऱ्या दिवशी यमुना जवळ गेली तर त्याने घसा ताणून पिवळंधमक तेल असा नेम धरून उडवलं, की देव्हाऱ्यासाठी घासून ठेवलेल्या समया पुन्हा घासाव्या लागल्या. त्या वासावरूनच मला उमगलं की याचं खाणं आमच्या स्वयंपाकघरातलं नव्हे. तेव्हा वयाच्या अडतिसाव्या वर्षी, गावातल्या मुलांना व्याकरण शिकवणारा मी, तोंडावर उपरणं घेऊन मासळीबाजारात गेलो आणि जन्मात पहिल्यांदा मांदेली विकत घेतली. विकणारी पारूबाय, ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातली. मला बघून ती मोठ्यांदा म्हणाली, "मास्तर, लाजताव कनाला? देवानंच केलीय मासली!" सगळा बाजार वळून बघायला लागला. दुसऱ्या दिवसापासून मी तोंडावर उपरणं घेणं सोडलं, कारण उपयोग नव्हता.

पाखरू गोठ्यात ठेवलं. मांदेली मी भरवायचो, लेप आप्पा बदलायचे. सहाव्या दिवशी त्याचं नाक गळायला लागलं. नळीतून थेंब येई, ते मान झटकी. "सर्दी," आप्पा म्हणाले आणि डोक्यावर सुंठेचा लेप चढला. आता पाय पिवळे आणि टाळू पांढरी, असं ते ध्यान गोठ्यात बसून राहिलं. दिवसेंदिवस मात्र हलकं होत चाललं होतं. पारूबायला सांगितलं तर ती म्हणाली, "नाकाव नली हाय? मंग तो भायेरच्या दर्याचा पाखरू. त्याला दर्याव न्या, नायतर मरल."

आप्पा तयार झाले, पण एका अटीवर. पट्ट्या वाटेत सोडायच्या नाहीत. नवव्या दिवशी समुद्राच्या वाळूवर तेच सोडतील, पाखरू चालेल, मग जाऊ द्यायचं. गाठोडं त्यांनी बरोबर घेतलं. निघताना यमुनेने मला बाजूला घेतलं. "अहो, पाखराचं काय व्हायचं ते होवो. पण गाठोडं परत आणा. ते गेलं तर आप्पा नुसते ओटीवर बसून झिजतील." मी मोठ्या तोऱ्यात "बघतो" म्हणालो. कसं आणणार होतो, ते मलाच ठाऊक नव्हतं.

शाळेत रजेचा अर्ज दिला. कारण लिहिलं, सासऱ्यांची प्रकृती. आता विचार केला तर खोटं नव्हतं ते.

पारशिकच्या डोंगराखाली

नारळी पौर्णिमा होऊन दोनच दिवस झाले होते. त्या दिवशी आम्ही जानवी बदलतो आणि कोळी दर्याला नारळ देतात. आमचा सण जेवणावर संपतो, त्यांचं सगळं वर्ष तिथून सुरू होतं. पारूबायचा मुलगा हरी तांडेल मासळीच्या मोकळ्या टोपल्या घेऊन परत निघाला होता. त्याच्या मचव्यात आम्ही बसलो. ओहोटी लागली तसा मचवा आपसूक निघाला. टोपलीत पाखरू, टोपलीवर ओलं फडकं, शेजारी आप्पा, आप्पांच्या मांडीवर गाठोडं, आणि नवी पगडी घालून मी.

कल्याणात जन्म काढून मी ही खाडी अशी कधी पाहिली नव्हती. डोंबिवलीकडची भातं हिरवीगार, बांधांवर बगळे, आणि समोर पारशिकचा डोंगर पाण्यात पाय सोडून बसलेला. डोंगरावरून इतके धबधबे सुटले होते की मी मोजायला लागलो आणि तेराव्याला हरीने वल्ह्याचं पाणी तोंडावर उडवलं. तो मुद्दाम करत होता असं माझं अजून म्हणणं आहे.

एक गंमत सांगतो. आमच्याकडे बायका पुरुषांसमोर हळू बोलतात. इथे पारूबाय मागे बसून ओरडायची आणि पन्नाशीला टेकलेला तांडेल निमूटपणे वल्हं फिरवायचा. दोन्ही घरी राज्य बायकांचंच, फक्त आवाजाचा फरक.

आम्ही दशम्या आणि लिंबाचं लोणचं काढलं. पाखराने तेवढ्यात मान झटकली आणि थेंब आप्पांच्या दशमीवर पडला. आप्पा म्हणाले, "सर्दी हटत नाही याची. सुंठ कमी पडली."

पारूबाय बघतच राहिली. "सर्दी? वैदबाबा, सर्दी नाय ती. मीठ हाय. यो पाखरू दर्याचाच पानी पितो, गोडा पानी त्याला गावतंय कुठं? मीठ नाकातशी भायेर टाकतो. चाखून बघा."

मी म्हणालो, "छे छे! काहीतरीच काय!" पण आप्पा वैद्य आहेत. त्यांनी बोट लावलं आणि जिभेवर टेकवलं. त्यांचा चेहरा असा झाला की मी घाबरलो.

"खारट," ते म्हणाले. "जावईबापू, शुद्ध मिठाचं पाणी आहे हो."

पारूबाय मोकळ्या टोपलीवर हात मारून हसली. मीही हसलो. आप्पा हसले नाहीत. खाडीच्या पाण्याने त्यांनी पाखराच्या डोक्यावरची सुंठ हळूहळू पुसून काढली. ते काय मनात आणत होते ते मला दिसत होतं. सर्दी जर सर्दी नव्हती, तर पाय?

ठाण्याला तळ्याकाठच्या देवळाच्या ओवरीत आम्ही मुक्काम केला. पुजाऱ्याने टोपलीत काय म्हणून विचारलं. मी "रोगी" म्हणालो. त्याने वास घेतला आणि पुढे काही विचारलं नाही.

घोडबंदरच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ओहोटी धरून निघालो. ठाण्याहून खाडीची एक शाखा मुंबईकडे उतरते, दुसरी घोडबंदरावरून वसईला. आम्ही दुसरी धरली. पारूबायला यायचं कारण नव्हतं, पण "मना बघायचाच हाय" म्हणून ती आलीच. दोन्ही काठांना तिवरांची दाटी, मधूनमधून पावसाने बुडालेली मिठागरं. वारा समोरून, पश्चिमेकडून होता, आणि त्यात आता खरा समुद्र जाणवत होता. पाखराला आधी कळलं ते. नऊ दिवस मान पाडून बसलेलं ते फडक्याखालून नळी बाहेर काढून वारा हुंगायला लागलं.

आणि आप्पांनी वाळूची वाट न बघता, तिथेच, पट्ट्या सोडल्या.

चिपा काढल्या. हळद धुतली. पाखरू मांडीवर उताणं घेऊन त्यांनी डोळे मिटले आणि बोटं फिरवायला लागले. इतक्या हळू, की मला श्वास घ्यायची भीती वाटली.

"खुबा जागेवर आहे," शेवटी ते म्हणाले. "जागाच इतकी मागे आहे. आणि ही नळी बघा, पायाची. गोल नाही. दोन्ही बाजूंनी चपटी, सुरीच्या पात्यासारखी. हे हाड उभं राहायला केलेलंच नाही हो. पाणी कापायला केलंय." मग डोळे उघडून त्यांनी पारूबायकडे पाहिलं. "बाई, हे पाखरू चालतं कधी?"

पारूबायने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी नको म्हणालो. पण ती खोटं बोलणारी बाई नव्हे. "नाय वो बाबा. यो चालत नसतोच. अंडा घालाया बेटाव जातो, तवा पन असाच पोटाव सरकत बिलात शिरतो. तो पन अंधारात, नायतर घारी धरतान. जमिनीचा त्याला काय काम? सगला जलम दर्याव."

पुढे मला एका ओळखीच्या इंजिनिअरकडे पक्ष्यांचं जाड इंग्रजी पुस्तक बघायला मिळालं. त्यात या जातीचं चित्र होतं आणि नाव शिअरवॉटर, म्हणजे लाटेला पंखाचं टोक लावून पाणी कातरत जाणारा. वर्षाला एकच अंडं, ओसाड बेटावर बिळात, आईबाप आळीपाळीने उबवतात, असं सगळं त्यात होतं. पारूबायने सांगितल्याहून अधिक फार थोडं होतं. तिला मी विचारलं होतं की तुम्ही याला नाव काय देता. ती म्हणाली, "पाखरू."

पण त्या वेळी मचव्यात मला पुस्तकाचं भान नव्हतं. आप्पांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "नऊ दिवस," ते म्हणाले, "नऊ दिवस मी धडधाकट पाय बांधून ठेवले. याच्याजवळ दुसरं असं एखादं पाखरू धरून बघितलं असतं तर... चांगलं कसं असतं ते न बघताच मी वाईट ठरवलं. सुताराचंही असंच झालं असेल." आणि त्यांनी गाठोडं उचललं.

मी झेप घेतली. शाळामास्तराने मचव्यात झेप घेऊ नये. मचवा कलला, माझी नवी पगडी खाडीत गेली, मी आप्पांच्या पायाशी आडवा पडलो, आणि घाबरलेल्या पाखराने सकाळची सगळी मांदेली तेलासकट माझ्या उपरण्यावर रिकामी केली. हरी तांडेल "आयव! आयव!" करत सुकाणू सांभाळत होता. पण गाठोडं माझ्या मुठीत होतं. मी सोडलं नाही.

पारूबाय कडाडली, "गप बसा दोघंव! बुडवताव का आमाला? बाबा, गाठोडा फेकाचा तर मंग फेका. आधी पाखरू सोडा. त्याचा काम पैला."

आप्पांनी हात सैल केला. पगडी लांब जाऊन एका तिवराच्या फांदीला अडकली. हरी म्हणाला, "मास्तर, बगल्याला घरटा झाला." मी त्याला काय म्हणालो ते इथे लिहीत नाही.

खाडीचं तोंड

वसईचा पडका कोट उजवीकडे आला आणि पुढे काठच उरला नाही. मी समुद्र मुंबईला पाहिला होता, पण तिथे तो धक्क्याला बांधून ठेवल्यासारखा असतो. इथे मचवा असा वर-खाली व्हायला लागला की मी रामरक्षा सुरू केली आणि तिसऱ्याच श्लोकाला विसरलो.

"हवेत उडवू का?" मी विचारलं.

"नको," पारूबाय म्हणाली. "पान्याव ठेवा. तोंड वाऱ्याकडं."

आप्पा मचव्याच्या कडेवर वाकले. मी त्यांचं धोतर मागून घट्ट धरलं होतं. त्यांनी पाखरू पाण्यावर ठेवलं आणि हात तसेच खाली धरून राहिले, लहान मुलाला पहिल्यांदा उभं करताना धरतात तसे.

पाखरू तरंगलं. आधी काही केलं नाही. मग चोच बुडवून ते पाणी प्यायलं. खारं पाणी, घटाघटा! मग डोकं बुडवलं, पंख झाडले, अंग घुसळलं, नऊ दिवसांचा आमचा वैद्यकी संसार धुऊन काढला. एक लाट आली, तिच्यावर चढलं, दिसेनासं झालं, पुन्हा दिसलं. आप्पांचे ओठ हलत होते.

आणि मग त्याने ते लांब पंख पसरले, वाऱ्याकडे मान केली, आणि पाण्यावर धावलं.

खरोखर धावलं! आप्पांनी बांधलेले ते दोन्ही पाय, एकामागून एक, पाण्यावर टपटप टपटप पडत होते. दहा पावलं, पंधरा पावलं, मागे पाण्यावर गोल गोल खुणा उठत होत्या. पुढची लाट आली तेव्हा ते तिच्यावरून सुटलं, एका पंखाचं टोक पाण्याला लावून वळलं, आणि पंख न हलवता, नुसतं वाऱ्यावर कलत कलत निघून गेलं.

"चाललं!" आप्पा ओरडले. "जावईबापू, चाललं की हो! बघितलंत ना? चाललं!" सत्तरीचा माणूस, माझ्या खांद्याला धरून असा हलवत होता की माझे दात वाजत होते. पारूबाय डोळे पुसत हसत होती. मीही रडलो, आता लपवून काय करू.

गाठोड्याचं नाव कुणी काढलं नाही. भरती आणि वारा दोन्ही पाठीशी घेऊन परत येताना आप्पा ते उशाला घेऊन झोपले.

पुन्हा आळीत

बोडक्या डोक्याने आणि त्या वासाने मी आळीत शिरलो तेव्हा तात्या ओटीवर होतेच. खांद्यावर पांघरलेली शाल त्यांनी जरा आवळली आणि विचारलं, "काय आप्पा, चाललं का पाखरू?"

यमुना दारात येऊन उभी राहिली. तिने आधी गाठोडं पाहिलं, मग माझं डोकं, मग नाकाला पदर लावला.

मला वाटलं, आप्पा नुसतं "चाललं" म्हणतील. खोटं नव्हतं. पण आप्पा आळीच्या मध्यावर थांबले आणि नऊ दिवसांपूर्वी जितक्या मोठ्याने बोलले होते तितक्याच मोठ्याने म्हणाले, "धावलं, तात्या. पाण्यावर धावलं. पण माझ्या औषधाने नव्हे. त्याचे पाय मोडलेलेच नव्हते. माझी चूक झाली."

आता तात्या काय म्हणणार म्हणून मी दात आवळून उभा राहिलो. तात्यांनी शाल बाजूला केली. डावं मनगट सुजून भोपळ्याएवढं झालं होतं.

"तळ्याच्या पायऱ्यांवर घसरलो," ते म्हणाले. "तुम्ही निघालात त्याच सकाळी. घरचे म्हणाले दुसरीकडे जा. म्हटलं, आप्पा येऊ देत."

आप्पा ओटीवर चढले, समोर बसले, गाठोडं सोडलं. डोळे मात्र मिटले नाहीत.

"उजवा हात दाखवा," ते म्हणाले.

"अहो, उजवा नव्हे, डावा! डावा दुखतोय!"

"कळलं," आप्पा म्हणाले. "आधी चांगला दाखवा."